मोकळा आहेस का?

मोठ्या कॉलेजात आत शिरायला कष्ट पडतात, छोट्या कॉलेजात निसटायला. प्रवेश घेताना हे कुणी सांगत नाही. माहितीपत्रकात इमारतीचा फोटो असतो, ग्रंथालयातल्या पुस्तकांचा आकडा असतो, संस्थापकांचा संदेश असतो. 'आपणांस मूकनाट्यात झाड व्हावे लागेल' असं मात्र त्यात कुठं छापलेलं नसतं.

पुण्यात नाटकाची हौस असलेल्या पोराचं काय होतं ते आम्ही लांबून ऐकून आहोत. महाराष्ट्रीय कलोपासकचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि नावाजलेल्या कॉलेजांत त्यासाठी पोरांची रांग लागते. आधी वाचनं, मग गाळणी, मग उरलेल्यांनी वर्षभर लेव्हल्स उचलायच्या, खिळे ठोकायचे, सीनियरला चहा आणून द्यायचा. दुसऱ्या वर्षी फार तर गर्दीतला चौथा माणूस. स्टेजवर पाऊल पडलं नाही तरी भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायची मुभा असते आणि तेवढ्यावर पोरं जन्मभर त्या कॉलेजची राहतात.

आमच्याकडं हाल होतात ते हौस नसलेल्यांचे. एकांकिका बसवायची ठरली की नऊ पात्रांसाठी दहा पोरं समोर येतात, त्यातला एक मित्राला सोडायला आलेला असतो. संध्याकाळपर्यंत तोच नायक झालेला असतो.

मी ज्या कॉलेजात मराठी शिकवतो ते तालुक्याच्या गावाबाहेर माळावर आहे. कोल्हापुरात १९६२ साली शिवाजी विद्यापीठ सुरू झालं आणि मग आमच्या भागात तालुक्यातालुक्याला वाटायला लागलं, आपलंही एक कॉलेज असावं. या वाटण्याला आधीचा पाया होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज काढलं आणि 'कमवा आणि शिका' म्हणून पोरांच्या एका हातात पुस्तक, दुसऱ्यात कुदळ दिली. तेव्हापासून शिक्षण वेगळं आणि श्रमदान वेगळं, यावर आमच्याकडं कुणाचा विश्वास नाही. कॉलेजला जागा बहुधा कुणीतरी दान देतं. दानात मिळणारी जागा कुसळाशिवाय दुसरं काही न उगवणारी असते, त्यामुळं तालुक्याची कॉलेजं गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, वाऱ्याच्या तोंडाला असतात. एस.टी. फाट्यावर सोडते. तिथून चालत यायचं.

कॅटलॉगवर साडेतीनशे नावं आहेत. वर्गात त्याच्या निम्मी, आणि ऊसतोडीच्या हंगामात त्याहून कमी. समित्या मात्र पाच हजार पोरांच्या कॉलेजाइतक्याच. राष्ट्रीय सेवा योजना, सांस्कृतिक विभाग, जिमखाना, वाङ्मय मंडळ, भित्तिपत्रक, नियतकालिक, विवेकवाहिनी, निसर्ग मंडळ, ग्राहक मंच, मतदार साक्षरता मंडळ, अग्रणी महाविद्यालय योजना. प्रत्येक समितीला अध्यक्ष लागतो, सचिव लागतो, सदस्य लागतात आणि वर्षाअखेरीस अहवाल लागतो. प्राध्यापकांचंही तसंच. आमचे अर्थशास्त्राचे सर सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आहेत, परीक्षा विभागात आहेत आणि मोटार बंद पडली की पाण्याच्या टाकीकडंही तेच जातात. माझ्याकडं सांस्कृतिक, भित्तिपत्रक आणि नियतकालिक. कधीतरी उरलेल्या वेळात ज्ञानेश्वरी.

अशा ठिकाणी 'तुला काय येतं?' हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. तो परवडत नाही. इथं एकच प्रश्न: "मोकळा आहेस का?"

जुलै महिन्यात या प्रश्नाला फार धार असते. नवीन पोरं व्हरांड्यात भिंतीला चिकटून उभी असतात. बारावीपर्यंतच्या शाळेत ती शेवटच्या बाकावर होती आणि तसंच सुखानं राहायचा त्यांचा बेत असतो. त्यांना माहीत नसतं की त्यांच्यावर पाळत आहे. पाळतीवर प्राचार्य नसतात, आम्हीही नसतो. आमचे शिपाई मामा असतात. कोण कुठल्या गावचा, कुठल्या गाडीनं येतो, कुणाचा चुलता भजनात पखवाज वाजवतो, कुणाची बहीण आधी इथं शिकून गेली, हे सगळं त्यांना प्रवेशाच्या आठवड्यातच कळलेलं असतं. माझ्या टेबलावर चहा ठेवता ठेवता ते हलक्या आवाजात म्हणतात, "सर, ती निळ्या दप्तराची पोरगी. ग्रंथालयाचा फॉर्म भरताना बघितलं. अक्षर एकदम छापल्यावानी."

एवढ्यावर त्या पोरीचं भवितव्य ठरलं.

ज्याचं अक्षर चांगलं त्याला छोट्या कॉलेजात सुटका नाही. चौदा सप्टेंबरला हिंदी दिन, पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, सव्वीस नोव्हेंबरला संविधान दिन, तीन जानेवारीला सावित्रीबाई, मग मराठी भाषा संवर्धनाचा पंधरवडा आणि सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. प्रत्येक दिनाला एक भित्तिपत्रक, आणि भित्तिपत्रकाचं प्रकाशन असतं. प्रमुख पाहुणे दोरी ओढतात, पडदा सरकतो, टाळ्या होतात, आणि पाहुणे पाठीमागं हात बांधून वाचल्यासारखं करतात. ते सगळं त्या निळ्या दप्तरानं रात्री एक वाजेपर्यंत जागून लिहिलेलं असतं. पहिलं वर्षभर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, पण तिला वाचलेलं मात्र सगळ्यांनी होतं. दुसऱ्या वर्षी प्रमाणपत्रांवरची नावं तिच्याकडं गेली. तिसऱ्या वर्षी 'उद्या पाणी येणार नाही' हेसुद्धा तीच लिहायची. एका पाहुण्यांनी जाताना विचारलं, हा फॉन्ट कुठून घेतला? मामा म्हणाले, "कलेढोणच्या गाडीनं येतो."

अक्षर नसलेल्यांसाठी आभार असतात.

छोट्या कॉलेजातला कार्यक्रम ज्यानं पाहिला आहे त्याला क्रम पाठ असतो. प्रतिमापूजन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगत, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार. यातलं सूत्रसंचालन आवाज असलेल्या पोरीकडं जातं आणि ते मानाचं समजलं जातं. आभार नवख्याला देतात. आम्हां शिक्षकांचा त्यामागचा हिशोब असा, की तोपर्यंत कुणी ऐकत नसतं, त्यामुळं पोराची भीड चेपते. हिशोब साफ चुकीचा आहे. भाषणात काय बोललात हे कुणाच्या लक्षात राहत नाही, पण आभारात कुणाचं नाव राहिलं हे त्या माणसाच्या पुढच्या पिढीपर्यंत लक्षात राहतं.

एका पावसाळ्यात मी असाच एक पोरगा धरला. उंच, खांदे पाडून चालणारा, कुणी हाक मारली की आधी मागं वळून बघणारा, कारण आपल्याला कुणी हाक मारेल यावर त्याचा विश्वास नव्हता. "मोकळा आहेस का?" "व्हय सर." संपलं. त्यानं कागदावर नावं लिहून घेतली, घोटली आणि माईकसमोर उभा राहिल्यावर कागद खिशातून काढायचाच विसरला. मग डोळ्यांसमोर जो दिसेल त्याचे आभार मानत सुटला. पाहुण्यांचे, प्राचार्यांचे, सतरंज्या घालणाऱ्यांचे, पाण्याचा तांब्या भरून ठेवल्याबद्दल मामांचे, खिडकीपाशी उभ्या असलेल्यांचे उभं राहिल्याबद्दल, बसलेल्यांचे बसल्याबद्दल. शेवटी वर पंख्याकडं नजर गेली तेव्हा मधेच लाइट न घालवल्याबद्दल वायरमनचे. सभागृह आडवं झालं. पाहुणे, जे मघापासून घड्याळ बघत होते, ते डोळे पुसत हसत होते. पोरगा आधी घाबरला, मग त्याला कळलं की हे आपल्याला हसत नाहीत, आपल्यामुळं हसताहेत. या दोन्हींत काय फरक आहे ते शाळेच्या बारा वर्षांत त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याचं नावच 'आभार' पडलं. तीन वर्षांत कॉलेजात त्याच्याशिवाय एक कार्यक्रम संपला नाही. पाहुणे कोण हे नंतर ठरायचं, आभार आधी ठरलेले असायचे. आणि आमच्याकडं आभारानंतर राष्ट्रगीत, त्यामुळं त्याचा शेवटचा लांबवलेला 'धन्यवाऽद' कानावर पडला की सगळं सभागृह खुर्च्या मागं सारून सावधानमध्ये उभं राहायचं. सूचना द्यावी लागायची नाही.

पण खरी भरती होते ती राष्ट्रीय सेवा योजनेत. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. बोधचिन्ह कोणार्कच्या सूर्यरथाचं चाक. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. ब्रीदवाक्याचा अर्थ असा, की माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. पहिल्या दिवशी पोरं विचारतात, "सर, सवलतीचे मार्क कितीय?" मी यात काही वाईट मानत नाही. मार्कांसाठी आलेला पोरगाही खड्डा तितकाच खोल खणतो.

शिबिर दत्तक गावात. मुली शाळेच्या वर्गात, मुलं समाजमंदिरात. पहाटे साडेपाचला शिट्टी, साने गुरुजींची प्रार्थना, मग गावाला जागं करायला प्रभातफेरी. गाव चारलाच जागं झालेलं असतं, धारा काढून डेअरीला दूध घालून लोक परत आलेले असतात आणि दारात दात घासत या पेंगुळलेल्या शहाण्यांकडं बघत असतात. मग श्रमदान. शिबिरार्थींतली निम्मी पोरं शेतकऱ्यांची. घरी खुरपं हातात द्यायला आईनं तीन हाका मारल्या तरी हलत नाहीत, आणि इथं दुसऱ्याच्या गावची गटारं काढायला चढाओढ. एकदा शेजारच्या गावातून एका पोराची आई भाकरी घेऊन आली. लेक डोक्याला रुमाल बांधून गल्ली झाडत होता. ती माउली भाकरीचं गठुडं काखेत धरून तशीच उभी राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "घरी जेवलेलं ताट उचलत न्हाई. ह्यो आमचाच हाय न्हवं?"

दुपारी जेवणानंतर बौद्धिक सत्र. विषय बहुधा व्यक्तिमत्त्व विकास. वक्त्याला श्रोते मिळतात, श्रोत्यांना सावली, आणि सगळं शिबिर बसल्या बसल्या झोपतं. 'वन टू, वन टू थ्री' या तालावरची सेवा योजनेची खास टाळी मुळात कौतुकासाठी असते, आमच्याकडं ती मुख्यतः जागं करायला वापरतात.

एका वर्षी ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेनं खेडोपाडी पोचवलेला हा साधा प्रकार आहे: सिमेंटची रिकामी पोती मातीनं भरायची, तोंडं शिवायची आणि वाहत्या ओढ्यात आडवी रचायची. पावसाळा संपता संपता केला तर पुढं बरेच दिवस पाणी टिकतं. आमच्या सरांनी काठीनं रेघ मारली आणि पाणलोट क्षेत्रावर दहा मिनिटं बोलले. मागं एक वाडीवरचा पोरगा उकिडवा बसला होता. दीड वर्षात त्यानं वर्गात हजेरीला 'यस सर' सोडून दुसरा शब्द काढलेला नव्हता. तो पाण्याकडं बघत म्हणाला, "सर, हितं नगं. हितं पाणी खालनं पळतंय." सर थांबले. तो उठला, ओढ्यात उतरला, दहा पावलं वर चालत गेला, टाचेनं तळ चाचपला आणि म्हणाला, "हितं कातळ हाय." पोती तिथं रचली. बंधारा टिकला. त्यानंतर शिबिरात तंबूची दोरी कुठं बांधायची इथपासून डाळीत पाणी किती घालायचं इथपर्यंत सगळे त्याला विचारायला लागले. डाळीतलं त्याला काही कळत नव्हतं, हे पहिल्याच रात्री सिद्ध झालं. पण विचारणं थांबलं नाही.

युवा महोत्सवाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात पराभव फार आहेत. मूकनाट्य आम्ही दरवर्षी करतो. सहा माणसं, पाच मिनिटं, पाठांतर नाही, आणि उच्चारांवरून परीक्षक काही बोलू शकत नाहीत. या सहांत दोन झाडं असतात. तीच झाडं आदल्या आठवड्यात कबड्डीच्या संघात राखीव असतात आणि पुढच्या आठवड्यात क्रॉसकंट्रीत पळतात. क्रॉसकंट्रीची आमची निवड चाचणी फाट्यावर होते: सुटलेली एस.टी. पळत जाऊन जो पकडतो तो संघात. एकांकिकेची तालीम चारला सुरू होते आणि पावणेसहाच्या गाडीला संपते, नाटक कुठंही असो. त्यामुळं शेवटचा प्रवेश कधीच नीट बसत नाही. बाप मरणाच्या दारात असतो, लेक परत आलेला असतो, आणि कुणीतरी ओरडतं, "गाडी आली!" बाप सगळ्यात आधी फाट्याला पोचतो. स्पर्धेतही आमचं नाटक असंच मधे तोडल्यासारखं संपलं. परीक्षकांनी अनपेक्षित शेवटाचं खास कौतुक केलं.

विद्यार्थी मंडळाचं निराळंच. पूर्वी कॉलेजात खुल्या निवडणुका व्हायच्या आणि त्यात हाणामाऱ्याही व्हायच्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं त्या संपवल्या आणि मागच्या वर्षी वर्गात पहिला आलेला विद्यार्थी आपोआप वर्ग प्रतिनिधी व्हायला लागला. म्हणजे कुणाशी न बोलता अभ्यास करणाऱ्यालाच सगळ्यांच्या वतीनं बोलायचं काम. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका पुन्हा कागदावर आणल्या. आमच्याकडं खरी सत्ता ज्याच्याकडं माईकच्या कपाटाची किल्ली असते त्याच्याकडं असते, आणि ती मामांकडं आहे.

नॅक आल्यापासून आपलेपणालाही पुरावा लागतो. कॉलेजं तपासणारी बेंगळुरूची ही संस्थाही १९९४ चीच. अलीकडं कुठलाही कार्यक्रम झाला म्हणायचा असेल तर जिओटॅग फोटो लागतो, खाली अक्षांश-रेखांश उमटलेला. वृक्षारोपणात रोप नंतर लावतात, आधी फोनला उपग्रह सापडेपर्यंत सगळे ते धरून उभे राहतात. फोटोत माणसं कमी दिसू नयेत म्हणून कॅन्टीनवालाही ग्राहक मंचात बसला आहे. तपासणीला आलेल्या समितीतल्या एका विद्वानांनी अहवाल चाळता चाळता त्या वाडीवरच्या पोराला विचारलं, तू कुठल्या उपक्रमात असतोस? तो म्हणाला, "सर, फोटो बघून सांगतो."

आता एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात तिथं दाराला कडी नसते. कोण कुणाशी बोललं, कोण कुठल्या गाडीनं गेलं, हे दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात कळतं आणि तिसऱ्या दिवशी घरी. मुलींना याचा जास्त जाच होतो. काही पोरांना खरंच एकटं राहायचं असतं. त्यांना आम्ही राहू देत नाही आणि वर त्याला संस्कार म्हणतो. एक मुलगी तीन वर्षं रोज मधल्या सुट्टीत मागच्या जिन्यात बसून वाचायची. आम्ही तिला वाङ्मय मंडळाची सचिव केलं. तिचं वाचन थांबलं.

आणि काही पोरं त्या प्रश्नाला 'नाही' म्हणतात. मला असा एक भेटला. "मोकळा आहेस का?" "न्हाई सर." मला वाटलं लाजतोय. मामांनी नंतर सांगितलं: पहाटे दूध संकलन, दिवसा घरची शेती, रात्री पेट्रोल पंप. कॉलेजात फॉर्म भरायला आणि परीक्षेला. अशी पोरं दर वर्गात पाच-सहा असतात, आणि छोट्या कॉलेजाच्या सगळ्या गमतीजमती, ही आत्ता मी सांगतो आहे तीसुद्धा, त्यांना वगळूनच घडतात. आमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं असतं, की पोराकडं दुपार आहे.

त्याची गाठ कॉलेजशी पडली ती गॅदरिंगला, आणि तीही एका चिठ्ठीमुळं.

गॅदरिंगचा मुख्य कार्यक्रम नाच नसतो, शेलापागोटे असतात. हल्लीची पोरं फिशपाँड म्हणतात. आठ दिवस आधी व्हरांड्यात एक खोका ठेवतात आणि पोरं एकमेकांबद्दल निनावी टोमणे लिहून त्यात टाकतात. मग आम्ही तीन शिक्षक बसून अश्लील, जातीवरचे आणि प्राचार्यांवरचे काढून टाकतो. उरतात त्यांत थोडी गंमत असते. ती भर सभेत वाचतात, ज्याला लागू त्यानं पुढं यायचं आणि चिठ्ठी घेऊन जायचं. बाहेरच्या माणसाला हा अपमानाचा सोहळा वाटेल. आत बसलेल्याला ठाऊक असतं की अपमान व्हायला आधी तुम्हाला कुणाच्या तरी नजरेत भरावं लागतं. आपल्यावर एकही पडला नाही म्हणून रडलेली मुलगी मी पाहिली आहे. एकानं तर स्वतःवर स्वतःच सात लिहिले होते. हस्ताक्षर एकच, शाई एकच, आणि सातही स्तुतीचे.

निळ्या दप्तराच्या पोरीची यात मोठी पंचाईत व्हायची. तिचं अक्षर शेंबडं पोरही ओळखायचं, त्यामुळं निनावी लिहिणं तिला जमेना. ती डाव्या हातानं लिहायची. त्या वर्षी आदल्या संध्याकाळी मी खोलीत डोकावलो तर ती, 'आभार' आणि तो कातळवाला पोरगा कॅटलॉग उघडून बसले होते. एकेका नावापुढं खूण चालली होती. ज्यांच्यावर चिठ्ठी नाही त्यांच्यावर हे लिहीत होते. साडेतीनशे नावं. कातळवाला माहिती सांगायचा, 'आभार' मजकूर जोडायचा, ती डाव्या हातानं उतरवायची. मी विचारलं, "एवढं कशाला?" 'आभार' म्हणाला, "सर, नाव राहिलं की माणूस धरून बसतो."

पेट्रोल पंपावरच्या पोरावर त्यांनी लिहिलं होतं: 'आमच्या कॉलेजचा धूमकेतू. दिसला की समजायचं, परीक्षा आली.' आणि फाट्यावरच्या पंपावर जाऊन, कुणी लिहिलं ते न सांगता, त्याला निरोप दिला होता की उद्या तुझं नाव आहे. तो आला. पंपाचा शर्ट घालूनच आला, मालकाकडून तासाभराची सुट्टी काढून. नाव वाचल्यावर सभागृहातून जो ओरडा उठला, त्यात त्याला ओळखणारे फार तर वीस असतील. तो चिठ्ठी घेऊन गेला, आणि पुढं महिनाभर कॉलेजच्या पोरांच्या गाड्यांत हवा फुकट भरली गेली.

परवा 'आभार'च्या थोरल्या भावाच्या लग्नाला गेलो होतो. पोरगा आता पुण्यात कंपनीत आहे. मोठी कंपनी, हजारभर माणसं, त्याला कुणी हाक मारत नाही म्हणून तो हिरमुसलेला होता. म्हणाला, "सर, तितं सगळेच मोकळे दिसत्यात, पण कोण कुणाला इचारत न्हाई." मांडवात सत्कार चालले होते. आमदार येऊन गेले, सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. माईक मोकळा पडला तसा याचा हात आपोआप तिकडं गेला. मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे, बँडवाल्यांचे, घोड्याचे, वेळेवर मुहूर्त काढल्याबद्दल भटजींचे आणि ऊन असून बसल्याबद्दल सर्वांचे आभार मानून झाले. नवरीच्या बापाचं नाव राहिलं. मग त्यानं आपला तो लांबलचक 'धन्यवाऽद' लावला.

आणि मांडवात ठिकठिकाणी, कुणी पंगतीत, कुणी नवरदेवाच्या मागं, कुणी बुंदीचं घमेलं हातात घेऊन, पन्नास-साठ माणसं खाडकन सावधानमध्ये उभी राहिली. निळ्या दप्तराची होती, कडेवरच्या पोरासकट. पंपवाला होता. मामा होते. आम्ही सगळे एकमेकांकडं बघत ताठ उभे, आणि कुणाला खाली बसता येईना, कारण राष्ट्रगीत कुणी सुरू करेना. नवरीकडची मंडळी जरा गोंधळली. मग या गावाकडं असाच मान देत असतील असं समजून तीही उभी राहिली.